गणपतीहून परत आलो तर बाबांच्या खोलीतलं कार्पेट ओलंचिंब, कुबट वास – काय वाचवू, काय टाकू?

पागोळी_१४ | सोमवार, रात्री ११.४५

नमस्कार मंडळी, लांबलचक होणारे पण सगळं एकदाच सांगते. आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळजवळ राहतो, चौदावा मजला. गणपतीला आठ दिवस देवरुखला गेलेलो, गौरीगणपतींचं विसर्जन करून काल रात्री उशिरा परत आलो. दार उघडल्या उघडल्या वास आला, ओल्या गोणपाटासारखा, मला वाटलं कचऱ्याचा डबा रिकामा करायचा राहिलाय. सगळे दमलेले, तसेच झोपलो. सकाळी बाबा म्हणाले, अगं इथे पाय ओला होतोय. जाऊन बघते तर पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला कार्पेट दाबलं की पाणी वर येतंय.

बाबांच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. आपल्याकडे असं फारसं कोणी करत नाही, पण कारण होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा (वय ७८) रात्री बाथरूमला जाताना टाइलवर घसरले, खुबा थोडक्यात वाचला, तेव्हा घाबरून घालून घेतलं. त्याच्या खाली फोमचा थर आहे. आणि वर पलंगाशी आईचा लोकरीचा गालिचा, साधारण चार बाय सहा. बाबा रिटायर झाले तेव्हा दोघं काशीला गेले होते, येताना भदोहीहून आणलेला. आई आता नाहीये.

आज दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा फुल, टेबल फॅन पण लावला. वरून हात फिरवला तर बऱ्यापैकी कोरडं लागतंय पण वास कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय आणि बाबांना संध्याकाळपासून खोकला आहे. पाणी कुठून आलं तेही कळत नाहीये, मिस्टर म्हणतायत एसीचा पाइप, पण एसी तर आठ दिवस बंद होता. काय करू? कार्पेट वाचेल का? गालिचा तरी?

नेरूळचा_शेजारी | मंगळवार, रात्री १२.१०

ताई, सगळ्यात आधी बाबांना त्या खोलीतून हॉलमध्ये आणा, आत्ता, सकाळची वाट बघू नका. दुसरं, त्या खोलीत जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड असेल आणि त्यावर टेबल फॅन चालू असेल तर तो बंद करा, खोलीचा एमसीबी पाडा. ओल्या फोमवर वायर पडलेली म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता कार्पेटचं. कडू लागेल पण सांगतो. ओल्या कापडावर, फोमवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. तुमचं पाणी कधी आलं माहीत नाही, पण आठ दिवसांतल्या पहिल्या पावसात आलं असेल तर खेळ केव्हाच सुरू झालाय. वरून कोरडं लागतंय कारण वारा वरच्या धाग्यांना लागतो. फोम स्पंजासारखा असतो, त्याला खाली टाइल आणि वर कार्पेट, ते पाणी जाणार कुठे? म्हणून वास वाढतोय. एक कोपरा उचला आणि खालून बघा, मग बोलू.

मोगरा_आणि_मी | मंगळवार, सकाळी ७.२०

ताई घाबरू नका, आमच्याकडे पावसाळ्यात दरवर्षी असा वास येतो. कापूर आणि ऊद जाळून खोली दोन तास बंद ठेवायची, नंतर कोपऱ्यांत कडुनिंबाचा पाला. माझ्या सासूबाई अजून हेच करतात. आणि खिडक्या मात्र उघड्या ठेवा, हवा खेळती पाहिजे.

नेरूळचा_शेजारी | मंगळवार, सकाळी ७.४५

मोगराताई, धुरीने वास झाकला जातो, ओल तशीच राहते. आणि आधीच खोकणाऱ्या माणसाच्या घरात धूर करू नये असं मला मनापासून वाटतं. खिडक्यांबद्दलही एक सांगतो, भाद्रपदात बाहेरच्या हवेची आर्द्रता ८५-९० टक्के असते, ती हवा स्वतःच ओली, ती आत घेऊन आतलं काय वाळणार? उन्हाळ्यात खिडकी उघडून ठेवली की वाळतं म्हणून आपल्याला ती सवय, पण पावसाळ्यात गणित उलटं होतं.

वाशी_गालिचेवाला | मंगळवार, सकाळी ९.०५

माझा गालिचे, सोफे धुवायचाच धंदा आहे, वीस वर्षं झाली. आधी गालिच्याबद्दल विचारतो. पागोळीताई, तो उलटा करून मागची बाजू बघा. मागे पुढच्यासारखंच डिझाइन दिसत असेल, एकेक गाठ दिसत असेल, तर तो हाताने गाठी मारलेला, त्याला जीव आहे, तो वाचतो. मागे मांजरपाटासारखं कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, त्यात मधे लॅटेक्सचा गोंद असतो, तो भिजला की कुजतो, भुसा पडतो आणि त्याचा वास कितीही धुतला तरी जात नाही. दोन्ही भदोहीलाच होतात आणि दुकानात शेजारी शेजारी असतात, म्हणून वरून बघून सांगता येत नाही.

गाठींचा असेल तर आणखी एक बघा. लोकर दणकट असते पण आतला ताणा-बाणा बहुतेक सुताचा असतो आणि सूत कुजतं. कोपरा हलकेच दुमडा आणि कान जवळ न्या. बारीक कडकड असा आवाज आला तर आतलं सूत गेलंय. जोर लावू नका, फक्त हलकेच.

आणि कृपा करून ओला गालिचा गुंडाळून गॅलरीत उभा करून ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्यातले निम्मे खराब गालिचे पाण्याने नाही, गुंडाळी करून ठेवल्याने खराब झालेले असतात.

पागोळी_१४ | मंगळवार, सकाळी ११.३०

बाबांना रात्रीच हॉलमध्ये आणलं. आता मास्क लावून खिडकीखालचा कोपरा उचलला. पक्कडीने पट्टीच्या खिळ्यांतून सोडवला. काय सांगू. कार्पेटच्या खालच्या बाजूला तागाची जाळी आहे, ती चहा सांडल्यासारखी तपकिरी झालीय आणि तिच्यावर राखाडी-हिरवे ठिपके, मोहरीएवढे, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून रुपयाएवढे झालेत. फोम उचलला तर हातात तुकडाच आला, ओल्या पावासारखा. खाली टाइलवर पाण्याचा थर आणि दोन टाइलमधल्या फटीत काळी रेघ. हे सगळं बाबांच्या डोक्यापासून तीन फुटांवर होतं.

गालिचा उलटा करून बघितला, मागे पण तीच वेल दिसते, गाठी दिसतात! कापड चिकटवलेलं नाही. कडकड आवाज नाही आला. एका बाजूच्या झालरीला मात्र लाल रंग उतरलाय आणि कुबट वास आहे. ठिपके दिसत नाहीत. सध्या चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवा पसरलाय, चालेल का?

वाशी_गालिचेवाला | मंगळवार, सकाळी ११.५०

उत्तम केलंत. खुर्च्यांवरच ठेवा, खालून-वरून दोन्हीकडून हवा लागते. दोरीवर टाकू नका, ओली लोकर फार जड असते, मधोमध ताणून आकार बिघडतो. आधी पांढरा जुना टॉवेल दाबून दाबून पाणी टिपा, घासायचं नाही. झालरीखाली वेगळा कोरडा टॉवेल ठेवा म्हणजे रंग आणखी पसरणार नाही. कडक उन्हात नको, एसीच्या खोलीत ठेवलात तर सगळ्यात छान.

आणि बुरशी मारायला म्हणून त्याच्यावर ब्लीच, हायपो असलं काही शिंपडू नका. हायपो लोकर अक्षरशः विरघळवतं. कपड्यांची पावडर पण नको, तिच्यातला क्षार लोकरीला मारक असतो.

खारीगाव_खाडीकिनारी | मंगळवार, दुपारी १.१५

ताई, पाणी कसलं होतं ते आधी ठरवा, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. २६ जुलै २००५ ला आम्ही कळव्यात तळमजल्यावर होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि आमच्या घरात मांडीपर्यंत पाणी, ते नुसतं पावसाचं नाही, गटाराचं, संडासाचं सगळं मिसळलेलं. मी तेव्हा तरुण आणि हट्टी, सतरंज्या, गाद्या, एक गालिचा सगळं धुऊन वाळवून वापरायला काढलं, आईच्या अंगावर पुरळ उठलं, महिनाभर ताप-जुलाब चालू होते घरात. शेवटी सगळं टाकलंच. तेव्हापासून माझा नियम, ड्रेनेजचं पाणी लागलेलं मऊ सामान घरात ठेवायचं नाही, मग ते कितीही महाग असो. नळाचं किंवा पावसाचं स्वच्छ पाणी असेल आणि पहिल्या दिवशीच कळलं असेल तर वाचवायला अर्थ आहे. तुमचं पाणी पावसाचं दिसतंय, पण दिवस उलटलेत आणि ठिपके दिसतायत. कार्पेट आणि फोम दोन्ही गेले असं समजा. गालिचा वेगळी गोष्ट आहे.

प्लाय_आणि_पुट्टी | मंगळवार, दुपारी २.४०

मी इंटिरियरची कामं करतो, ठाण्यात जास्त करून. कार्पेट काढायच्या आधी पाणी कुठून आलं ते शोधा, नाहीतर पुढच्या पावसात हाच धागा परत वर येईल. चौदावा मजला, खिडकीकडची बाजू, एसी बंद, आठ दिवस घर बंद. मला खिडकीवर संशय आहे. सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. घोडबंदरला एवढी बांधकामं, मेट्रोचं काम, ती धूळ ट्रॅकमध्ये बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग ट्रॅक म्हणजे पन्हाळ होते, भरली की आत सांडते. घरात माणूस असेल तर पोछा मारतो आणि विसरतो. माणूस नसेल तर आठ दिवस सांडतच राहते.

टेस्ट सोपी आहे. खिडकी बंद करा, आतून ट्रॅकमध्ये हळूहळू एक मग पाणी ओता आणि घड्याळ बघा. मिनिटाभरात उतरलं नाही तर चोर सापडला.

आणि भिंत तपासा. नवीन टॉवरमध्ये आतून बऱ्याचदा सिमेंटचं प्लास्टर नसून जिप्समचं असतं. खिडकीखाली स्कर्टिंगच्या वर नखाने दाबून बघा, खडू ओला झाल्यासारखं नख आत गेलं तर तेवढा भाग खरवडून काढावा लागेल, नुसता रंग मारून चालणार नाही.

पागोळी_१४ | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

प्लायदादा, चोर सापडला. मग ओतून पाच मिनिटं झाली तरी पाणी तिथेच. मिस्टरांनी झाडूची काडी आणि जुना टूथब्रश घेऊन भोकं साफ केली, आतून चक्क सिमेंटसारखा गोळा निघाला आणि एक मेलेली गांधीलमाशी. त्यानंतर दुसरा मग वीस सेकंदांत उतरला. एवढ्याशा भोकांपायी एवढं सगळं, मला रडू आलं खरं तर.

भिंतीला नख जातंय. साधारण वीतभर उंचीपर्यंत, खिडकीच्या रुंदीएवढं. बाजूला पांढरी पावडर पण आलीय, ती बुरशीच ना? त्यावर टॉयलेट क्लीनर आणि हायपो मिसळून मारलं तर एकदम साफ होतं असं आमच्या कामवाल्या ताई म्हणतायत, त्या उद्या सकाळी करणार आहेत.

सीवूड्सची_शिक्षिका | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

ताई त्यांना आत्ताच्या आत्ता फोन करून थांबवा!! मी केमिस्ट्री शिकवते. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत, बाबांचा खोकला, त्या ताई वाकून घासणार, विचार पण करवत नाही. व्हिनेगर पण ॲसिडच, तेही हायपोत नको, आणि अमोनियावाले काचेचे क्लीनरही नकोत. एका वेळी एकच वस्तू, खिडकी उघडी, ग्लोव्ह्ज आणि एन-९५.

तशी टाइलवर हायपो ठीक आहे कारण टाइल काही शोषत नाही. पण जिप्सम, लाकूड, कापड यांच्यात बुरशीचे तंतू आत गेलेले असतात, हायपो वरचा रंग उडवतं आणि त्याच्यातलं पाणी मात्र आत मुरतं. त्यामुळे दिसायला पांढरं आणि आठ दिवसांनी परत काळं.

पांढऱ्या पावडरीवर थोडं पाणी मारून बघा. विरघळून दिसेनाशी झाली तर तो लोणा, भिंतीतले क्षार ओलीबरोबर बाहेर आलेले. तशीच राहिली, ओली झाली, बोटाला चिकट लागली तर बुरशी.

पागोळी_१४ | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

फोन केला. थांबवलं. थँक्यू, थँक्यू. त्या स्वतः पण घाबरल्या, म्हणाल्या दोन घरी असंच करते आणि नंतर डोळे चुरचुरतात. त्यांनाही समजावून सांगितलं. पावडर विरघळली, म्हणजे लोणा.

दम्यावाल्या_मुलाची_आई | मंगळवार, रात्री ९.००

एक सांगू का, मेलेली बुरशी पण त्रास देते. ऐरोलीत आमच्या कपाटामागे झाली होती, मी फवारा मारून मारली आणि निर्धास्त झाले, मुलाचा रात्रीचा दमा काही थांबेना. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, मारली ठीक, पण पुसून काढली का? ॲलर्जीला ती जिवंत असो की मेलेली सारखीच. म्हणून कोरड्या झाडूने झटकू नका, सगळे कण हवेत जातात. साबणाच्या पाण्यात फडका पिळून पुसायचं आणि तो फडका टाकून द्यायचा. बाबांचा खोकला चार-पाच दिवसांत कमी झाला नाही तर दाखवाच, आणि ओलीचं आणि बुरशीचं डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

नेरूळचा_शेजारी | मंगळवार, रात्री ९.१५

यावरून आठवलं, बुरशी दिसायला लागल्यावर तिच्यावर थेट पंख्याचा झोत मारायचा नसतो, तेच कण घरभर उडतात. आधी खराब सामान काढायचं, पुसायचं, मग पंखे. कार्पेट काढताना त्या खोलीचं दार बंद ठेवा, दाराच्या खालच्या फटीला ओलं फडकं लावा. खोलीतच कटरने दीड-दोन फुटांच्या पट्ट्या कापा, तोंड आतल्या बाजूला करून गुंडाळा, मोठ्या काळ्या पिशव्यांत भरून बांधा आणि मगच हॉलमधून न्या. आमच्याकडे घंटागाडीवाल्यांनी अख्खं कार्पेट घेतलं नव्हतं, पट्ट्या घेतल्या. सोसायटीच्या ऑफिसात आधी सांगून ठेवा, नाहीतर वॉचमन लिफ्टमधून नेऊ देत नाही.

पाऊसवेडा_खारघर | बुधवार, सकाळी १०.१०

डिह्युमिडिफायरबद्दल, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणाऱ्या मशीनबद्दल, कोणीच कसं बोललं नाही! खारघरला डोंगराच्या पायथ्याशी आमच्या खिडक्यांतून अक्षरशः ढग आत येतो, मी तीन पावसाळे वापरतोय. विकत महाग वाटत असेल तर भाड्याने मिळतो, आठवड्याच्या हिशोबाने. खोलीची दारं-खिडक्या पूर्ण बंद करून लावायचा, उघड्या खिडकीत लावणं म्हणजे अख्खं आकाश वाळवायला घेणं. एसीचा ड्राय मोड पण मदत करतो पण एवढ्या ओलीला कमी पडतो. सोबत छोटा हायग्रोमीटर घ्या, हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवतो, तीन-चारशेत येतो. आकडा ६० च्या खाली राहिला पाहिजे, ५० च्या आसपास आला तर फारच छान. आणि टाकीत किती पाणी जमतं ते वहीत लिहून ठेवा, त्यावरून कळतं जमीन अजून किती सोडतेय.

पागोळी_१४ | शनिवार, रात्री १०.३०

अपडेट देते. बुधवारी कार्पेट आणि फोम काढला, अकरा पिशव्या झाल्या. भिंतीचं वीतभर जिप्सम खरवडलं, आतला ब्लॉक अजून गडद आहे. टाइल साबणाने दोनदा, मग हायपो खिडकी उघडी ठेवून, मग साध्या पाण्याने. पलंगाच्या पायांखाली प्लास्टिकचे तुकडे ठेवले. गुरुवारपासून भाड्याचा डिह्युमिडिफायर लावलाय. लावताना आकडा ८६. पहिल्या रात्रीत टाकी दोनदा भरली, साडेतीन-साडेतीन लिटरची आहे. शुक्रवारी सकाळी ६४. आज ५७.

पण मला एक कळेना, एवढं पाणी येतंय कुठून, जमीन तर दिसायला कोरडीठाक आहे.

सीवूड्सची_शिक्षिका | शनिवार, रात्री १०.५०

छान प्रश्न आहे. तुमची खोली दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट धरली तर साधारण ३२ घनमीटर हवा. ३० अंशाला पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरमागे ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. म्हणजे अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून लिटरभरसुद्धा पाणी नव्हतं! दोन टाक्या म्हणजे सात लिटर, त्यातलं थोडं फटींमधून आलेल्या बाहेरच्या हवेचं असेल, पण बाकीचं जमिनीतून, भिंतीतून, गादीतून, कपाटातून निघालंय. हवा कोरडी झाली की वस्तू आपलं पाणी हवेला देतात, मशीन ते ओढतं, परत देतात. म्हणून आकडा ५७ दिसला की लगेच मशीन बंद केलं तर दुसऱ्या दिवशी परत ७५ होतो.

प्लाय_आणि_पुट्टी | रविवार, सकाळी ८.३०

बरोबर बोलल्या मॅडम. टाइल स्वतः पाणी पीत नाही, पण टाइलच्या खाली वाळू-सिमेंटचा इंच-दीड इंचाचा थर असतो, तो पितो, आणि सांध्यांमधून आणि स्कर्टिंगच्या फटीतून पाणी तिथे गेलेलं असतं. तो वाळायला आठवडे लागतात. त्यामुळे घाईघाईने त्याच्यावर विनाइल किंवा लॅमिनेट टाकू नका, वरून झाकण बसलं की ओल खालीच कोंडते. जमीन वाळली का हे बघायला दोन फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी सेलोटेपने जमिनीला घट्ट चिकटवा, एक सांध्याची चौकडी मधे येईल असं, आणि अख्खा एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव दिसलं किंवा सांधे गडद झाले तर अजून ओल आहे.

भिंतीला पण तसंच, ब्लॉक वाळल्याशिवाय पुट्टी नको. आणि ऑइल पेंट तर नकोच, ओल आत अडकते आणि वर्षभरात फुगे येतात.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर दोन-तीन इंच पुढे ओढा. मागची फळी एमडीएफची असेल तर खालून फुगलीय का बघा, फुगलेली परत बसत नाही. बदलायची वेळ आली तर खालच्या भागाला तरी आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय मागा, तो छाप प्रत्येक शीटवर असतो, स्वतः बघून घ्या.

कोपरीकर_सेक्रेटरी | रविवार, सकाळी ११.००

सोसायटीकडून खर्च मागता येईल का असा विचार मनात आला असेल तर सांगतो, आठ वर्षं सेक्रेटरी होतो. आदर्श उपविधीप्रमाणे गच्चीची गळती, पावसाची बाहेरून येणारी गळती, बाहेरच्या कॉमन पाइपची गळती ही सोसायटीची जबाबदारी. घरातल्या संडास-सिंकची गळती मेंबरची. तुमचं ट्रॅकचं प्रकरण साफसफाईत येतं, ते सोसायटीवर घालता येणार नाही. पण खिडकीच्या चौकटीच्या बाहेरून सीलंट सुटलं असेल तर तो बाहेरच्या भिंतीचा विषय, लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये त्याच बाजूच्या सगळ्यांच्या खिडक्या सारख्याच असणार, ग्रुपवर एक मेसेज टाका, मे महिन्यात सगळ्यांनी भोकं साफ करा म्हणून. कोणाचं तरी घर वाचेल.

मोगरा_आणि_मी | रविवार, दुपारी १२.४५

हे वाचून मी आज कपाट पुढे ओढलं. मागे काळी भिंत होती, हाताच्या दोन पंजांएवढी. इतकी वर्षं मी कापूर जाळत होते आणि ती तिथेच होती. साबणाने पुसून घेतलं, उद्या बाहेरून काय गळतंय ते बघायला माणूस येतोय. नेरूळच्या दादांचे आभार.

पागोळी_१४ | रविवार, रात्री ९.२०

मला आता वेगळीच काळजी आहे. जमीन वाळेल, भिंत होईल, पण कार्पेट घातलं होतं ते बाबा पडू नयेत म्हणून. ते रोज विचारतात मी माझ्या खोलीत कधी जाऊ, आणि उघडी टाइल बघितली की मला त्यांचं ते पडणं आठवतं. परत कार्पेट घालायची हिंमत नाही. तुम्ही लोकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काय केलंय?

दम्यावाल्या_मुलाची_आई | रविवार, रात्री ९.४०

आमच्या सासऱ्यांसाठी आम्ही पलंग ते बाथरूम अशी भिंतीला स्टीलची दांडी बसवून घेतली, हाताला धरायला, आणि त्याच वाटेवर पायाशी सेन्सरचे छोटे दिवे. रात्री पाय खाली ठेवला की लागतात. ते म्हणाले, मला टाइलपेक्षा अंधाराचीच भीती वाटायची. रबरी तळव्याच्या मागून बंद असलेल्या चपला घरात वापरतात, मोजे घालून चालायला पूर्ण बंदी. बाथरूमच्या दाराशी भोकांची रबरी मॅट, ती दर आठवड्याला उचलून उभी करून वाळवते.

खारीगाव_खाडीकिनारी | रविवार, रात्री १०.०५

सुटी सतरंजी टाकू नका, तिच्या कडेत पाय अडकतो. आमचे वडील टाइलवर नाही, सतरंजीच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून पडले होते.

वाशी_गालिचेवाला | सोमवार, सकाळी ९.३०

गालिचा परत टाकताना त्याच्याखाली फोम नको, जाळीची रबरी अँटी-स्लिप मॅट मिळते, भोकाभोकांची, तिच्यातून हवा जाते. चारही कोपरे जमिनीला सपाट बसले पाहिजेत. आणि महिन्यातून दोनदा उलटा करून खालची टाइल हाताने चाचपायची. ती गार आणि दमट लागली तर उचलून एक दिवस खुर्च्यांवर.

पागोळी_१४ | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ९.००

मंडळी, उशीर झाला लिहायला. दुसऱ्या आठवड्यात प्लास्टिकची टेस्ट केली तर आत दव आलं, सांधे काळपट. मशीन आणखी नऊ दिवस ठेवलं. टाकी आधी दिवसाला तीनदा, मग एकदा, शेवटी दोन दिवसांतून एकदा भरायला लागली. या सोमवारी परत टेस्ट केली, चोवीस तासांनी प्लास्टिक कोरडं. भिंतीचा ब्लॉक पण बाजूच्या रंगाचा झाला. काल पुट्टी झाली. बाबांचा खोकला हॉलमध्ये आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी कमी झाला होता, तरी डॉक्टरांना दाखवून आलो, छाती साफ आहे म्हणाले.

दांडी बसवली. दिवे पण. पहिल्या रात्री मी मुद्दाम जागी राहून बघत होते, बाबा उठले, दिवे लागले, दांडीला हात धरून सावकाश गेले आणि आले. त्यांना माहीत नाही मी बघत होते.

गालिचा पूर्ण वाळलाय, एसीच्या खोलीत नऊ दिवस लागले. वास थोडा आहे अजून. झालरीचा लाल डाग तसाच. गालिचेवाले दादा, आता धुवायला देऊ का?

वाशी_गालिचेवाला | गुरुवार, रात्री ९.२५

दसऱ्यानंतर द्या. आत्ता धुतला आणि परतीचा पाऊस लागला तर वाळणार कुठे? ऑक्टोबरचं ऊन पडलं की सावलीतल्या वाऱ्यावर दोन दिवसांत होतो. तोपर्यंत घडी नाही, आडवाच ठेवा. आधी पाठीमागून थापटून धूळ काढतो, मग गार पाण्यात लोकरीच्या सौम्य साबणाने, आणि शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, रंग बसायला. झालरीचा डाग फिका होईल, पूर्ण जाईल असं वचन देत नाही.

पागोळी_१४ | गुरुवार, रात्री ९.५०

डाग राहिला तरी चालेल. बाबा पण यायचं म्हणतायत, रिक्षाने ऐरोलीमार्गे येऊ. एकच विनंती, मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने शिवलेली एक छोटी चिंधी आहे. आईने शिवली होती, उंदराने कुरतडलं होतं तिथे. धुताना ती सुटायला आली तरी काढून टाकू नका.

वाशी_गालिचेवाला | गुरुवार, रात्री ९.५५

नाही काढत. आधी ओल्या पांढऱ्या कापडाने त्या निळ्या दोऱ्याचा रंग जातो का तपासतो, जात असेल तर तेवढा कोपरा वेगळा बांधून धुतो. सकाळी दहाच्या आत आणा, बाबांना बसायला खुर्ची ठेवतो.